चिनी युद्धपटात देशप्रेम घरातून का सुरू होतं? ‘लेक चांगजिन’ सोप्या भाषेत

२०२५ मध्ये दुसरं महायुद्ध संपल्याला ८० वर्षं झाली, त्या निमित्ताने चीनमध्ये एकामागोमाग एक युद्धपट आले, त्यांच्या कमाईच्या बातम्या आपल्याकडेही झळकल्या आणि बऱ्याच जणांना तोच प्रश्न पडला की हे लोक असे पिक्चर बघायला एवढी गर्दी का करतात. सरकारी प्रचार आहे म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण प्रचाराचे पिक्चर तर जगात ढिगाने निघतात आणि बहुतेक पडतात. मग हे का चालतात?

त्यासाठी एकच पिक्चर घेऊ आणि तो नीट उलगडू. ‘द बॅटल ॲट लेक चांगजिन’, ३० सप्टेंबर २०२१ ला रिलीज झाला, म्हणजे चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी, आणि ते वर्ष कम्युनिस्ट पक्षाच्या शताब्दीचं. चेन काइगं, त्सुई हार्क आणि डान्टे लाम असे तीन दिग्दर्शक, जवळजवळ तीन तासांची लांबी, १३० कोटी युआनच्या वर खर्च. कमाई झाली सुमारे ५७७ कोटी युआन, नव्वद कोटी डॉलरच्या आसपास, आणि ती जवळजवळ सगळी चीनमधूनच. तेव्हा तो चिनी इतिहासातला सगळ्यात जास्त कमावणारा पिक्चर ठरला, २०२५ मध्ये एका ॲनिमेशनपटाने तो रेकॉर्ड मोडला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा पिक्चर देशासाठी मरा असं थेट सांगतच नाही. तो सांगतो की तू चांगला भाऊ हो, चांगला मुलगा हो, आणि मग दाखवतो की चांगला भाऊ व्हायचं असेल तर बर्फात जाऊन लढावंच लागतं. त्याची सगळी ताकद इथे आहे, आणि माझ्या मते धोकाही इथेच आहे.

### आधी ती लढाई काय होती ते बघू

२५ जून १९५० ला उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर चढाई केली. दक्षिणेच्या मदतीला अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं, सप्टेंबरमध्ये जनरल मॅकआर्थरने इंचॉनला सैन्य उतरवून बाजी पलटवली आणि ते सैन्य उत्तरेकडे, चीनच्या सरहद्दीच्या दिशेने निघालं. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून बजावलं होतं की अमेरिकन सैन्याने ३८ अक्षांशाची, म्हणजे दोन कोरियांमधली, रेषा ओलांडली तर आम्ही मध्ये पडू. पणिक्करांनी तो निरोप दिल्लीला कळवला, तिथून तो पुढे पोचलासुद्धा, पण वॉशिंग्टनने तो फारसा मनावर घेतला नाही. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडून कोरियात शिरलं.

चांगजिन म्हणजे उत्तर कोरियातला डोंगरातला एक जलाशय, इंग्रजी पुस्तकांत त्याला चोसिन म्हणतात. २७ नोव्हेंबर ते साधारण १३ डिसेंबर १९५० इथे लढाई झाली, थंडी उणे ३० अंश आणि त्याच्याही खाली. सोंग शिलुन यांचं नववं आर्मी ग्रुप हे चिनी सैन्य मुळात पूर्व चीनमधलं, तैवानवर हल्ल्याची तयारी करत असलेलं, ते घाईघाईत ट्रेनमध्ये भरून उत्तरेला पाठवलं, अंगावर पातळ कपडे, पायात कापडी बूट. चिनी लष्कराच्याच नोंदींनुसार लढाईत मेलेल्या आणि जखमी झालेल्यांपेक्षा थंडीने जायबंदी झालेले जास्त होते. काही तुकड्या दबा धरून बसलेल्या जागीच, हातात बंदूक धरून, गोठून मेल्या. चीनमध्ये त्यांना ‘आइस स्कल्प्चर कंपनी’ म्हणतात, बर्फाच्या पुतळ्यांची कंपनी (कंपनी म्हणजे सैन्यातली शे-दीडशे जवानांची तुकडी).

हे खरं घडलंय. पोरं खरी होती आणि त्यांची थंडीही खरी होती, पिक्चरबद्दल पुढे काहीही म्हटलं तरी हे विसरता कामा नये असं मला वाटतं.

### ‘मेन मेलडी’ म्हणजे काय प्रकार

पूर्ण लेखात एवढा एकच जड शब्द लक्षात ठेवा. चीनमध्ये १९८७ पासून एक सरकारी धोरण आहे की पिक्चरांमध्ये पक्ष, देश, समाजाची मूल्यं यांचा सूर मुख्य असला पाहिजे, अशा पिक्चरांना ‘मेन मेलडी’ म्हणतात. सुरुवातीची पंचवीस-तीस वर्षं हे पिक्चर बहुतेक करून नेत्यांची भाषणं आणि बैठका असेच असायचे, लोक मनापासून बघायला जायचे नाहीत.

बदल झाला तो हाँगकाँगची माणसं आल्यावर. ॲक्शन कशी शूट करायची, प्रेक्षकाला खुर्चीत कसं धरून ठेवायचं हे त्यांना माहीत होतं, त्यांना मोठे बजेट आणि चिनी लष्कराची मदत मिळाली. २०१७ मध्ये वू जिंग या ॲक्शन हिरोने स्वतः दिग्दर्शित केलेल्या युद्धपटाने आधीचे सगळे रेकॉर्ड मोडले, आणि पुढच्याच वर्षी सिनेमाचं सगळं खातं थेट पक्षाच्या प्रचार विभागाखाली गेलं. म्हणजे तंत्र बाजाराचं आणि लगाम पक्षाच्या हातात, अशी ती जोडी जमली. लेक चांगजिन हे त्या जोडीचं सगळ्यात मोठं पीक.

### गोष्ट सुरू होते ती होडीवर

पिक्चरची पहिली काही मिनिटं नीट बघा, पुढची अडीच तासांची लढाई त्यावरच उभी आहे. वू चिएनली (हे काम वू जिंगनेच केलंय) हा कंपनी कमांडर सुट्टीवर घरी येतो, हातात थोरल्या भावाच्या अस्थी. आईबाप होडीवर राहणारे गरीब लोक. नवीन सरकारने जमीन दिलीय, आता वसंतात घर बांधू असं तो आईबापांना सांगतो. धाकटा भाऊ वानली हा उनाड, पाण्यात दगड भिरकावत बसणारा, थोरल्यांसारखं सैन्यात जायचं म्हणून हट्ट धरलेला. तेवढ्यात बोलावणं येतं, चिएनली निघतो, आणि धाकटा पळून जाऊन त्याच्या मागोमाग सैन्यात भरती होतो.

आता यात देशाबद्दल एक अक्षर तरी आलं का? मेलेला भाऊ, आईबाप, अर्धवट राहिलेलं घर, हट्टी धाकटा, एवढंच. पण प्रेक्षक इथेच अडकतो, कारण हे त्याच्या ओळखीचं आहे.

पुढे सैन्यात गेल्यावरही नाती बदलत नाहीत, फक्त गणवेशात येतात. तोफखान्याचा म्हातारा प्लाटून लीडर सगळ्यांचा बाप, तो धाकट्याला ओरडतो, सांभाळतो आणि शेवटी सगळ्यांना वाचवण्यासाठी विमानांना बॉम्ब टाकायची जागा दाखवणारा पेटता मार्कर स्वतः गाडीतून दूर घेऊन जातो. पोलिटिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे कंपनीतला पक्षाचा अधिकारी, हा समंजस मोठा भाऊ, बायको आणि लहान मुलीला घरी सोडून परत आलेला. कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक मिळतो, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या जवानांच्या यादीत त्याची जागा, वानली हा ६७७ वा. आपल्याकडे वंशावळीत जसं नाव लागतं तसंच हे आहे, मेलेले पण त्याच यादीत आणि जिवंत पण. चिएनलीची ही सातवी कंपनी काल्पनिक आहे, पण तिची रचना खऱ्या कुळासारखी आहे.

आणि एक वाक्य आहे ज्यावर लोक थिएटरात रडले, त्याचा भावार्थ असा की ही लढाई आपण लढलो नाही तर आपल्या पुढच्या पिढीला लढावी लागेल. गावाकडे थोरला भाऊ शाळा सोडतो, शेतावरचं कर्ज फेडतो, कशासाठी तर ते धाकट्याच्या आणि पोराबाळांच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून, आणि घरात त्याच्या या त्यागावर कुणी प्रश्न विचारत नाही कारण विचारणं म्हणजे कृतघ्नपणा. पिक्चर युद्धाला नेमकं त्या कर्जाच्या जागी नेऊन बसवतो. कर्ज कुणी काढलं, काढायची गरज होती का, हे प्रश्न मग घरातल्या घरात असभ्य वाटायला लागतात.

### ही नवी युक्ती नाही, फार जुनी आहे

कन्फ्यूशियसच्या परंपरेत पाच नाती महत्त्वाची: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. त्यातलं आईबापांविषयीचं कर्तव्य आणि राज्याविषयीची निष्ठा ही दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, अशी चिनी म्हणच आहे. रणांगणावर गेलास तर म्हाताऱ्या आईकडे कोण बघणार?

हा पेच जुन्या गोष्टी कशा सोडवतात ते बघण्यासारखं आहे. बाराव्या शतकातला सेनापती युए फेई, त्याच्या आख्यायिकेत त्याची आईच मुलाच्या पाठीवर निष्ठेची अक्षरं गोंदवते, म्हणजे रणांगणावर जाणं हीच आईची आज्ञा होते. मुलानची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, ती म्हाताऱ्या बापाच्या ऐवजी लढायला जाते, राज्यासाठी आणि बापासाठी एकदमच.

लेक चांगजिनमध्ये माओंचा थोरला मुलगा माओ आनयिंग हाही पात्र म्हणून येतो. तो युद्धावर जायला मागतो आणि बाप त्याला जाऊ देतो. देशाचा नेता इथे आपलं पोर देणारा बाप होतो, होडीवरच्या बापाच्या रांगेत येऊन बसतो. २५ नोव्हेंबर १९५० ला हवाई हल्ल्यात आनयिंग खरोखरच मेला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि त्याच्या बायकोला ही बातमी १९५३ पर्यंत सांगितलीच नाही. ती वाट बघत राहिली. मला तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

### मग बायका कुठे आहेत?

इथेच येऊ. तीन तासांच्या पिक्चरमध्ये लक्षात राहणाऱ्या बायका म्हणजे होडीवरची आई आणि ट्रेनच्या प्रवासात जवानांना हात करणाऱ्या मुली. आई निरोप देते, मुली जवानांकडे कौतुकाने बघतात, संपलं.

यावर कुणी म्हणेल, अहो युद्धपट आहे, १९५० चं रणांगण आहे, बायका कुठून आणणार? पण चिनी सैन्यासोबत कोरियात नर्स होत्या, दुभाषी होत्या, कलापथकातल्या मुली होत्या. आणि चीनचेच जुने पिक्चर बघा ना. १९५६ च्या कोरिया युद्धावरच्या गाजलेल्या पिक्चरमध्ये बोगद्यातली नर्स हे महत्त्वाचं पात्र आहे, तिच्या तोंडचं गाणं आजही चिनी माणसाला पाठ असतं. १९६४ च्या ‘हिरोइक सन्स अँड डॉटर्स’ मध्ये भाऊ स्वतःच्याच ठाण्यावर तोफा डागा म्हणून वायरलेसवर ओरडतो आणि बहीण कलापथकात त्याची गाथा गाते. आणि १९६१ चा ‘द रेड डिटॅचमेंट ऑफ विमेन’ तर आख्ख्या बायकांच्या तुकडीवर, हैनान बेटावरची गुलाम मुलगी जमीनदाराच्या घरातून सुटते, बंदूक हातात घेते, पुढे तुकडीची पुढारी होते.

ते पिक्चर काही आदर्श नव्हते, १९६१ च्या पिक्चरमध्ये सुद्धा त्या मुलीला वाट दाखवणारा पक्षाचा प्रतिनिधी पुरुषच आहे, आणि नर्स-गायिका या भूमिका पण ठरीव साच्यातल्याच. तरी त्या काळात पक्षाचा दावा होता की रक्ताच्या नात्यांपेक्षा कॉम्रेडचं नातं मोठं आणि बायका अर्धं आभाळ पेलतात. साठ वर्षांनी निघालेला पिक्चर तंत्राने कितीतरी पुढे गेला आणि बाईच्या जागेच्या बाबतीत मागे गेला, कुळ, थोरला-धाकटा, वाट बघणारी आई. हे मला साधी योगायोगाची गोष्ट वाटत नाही. मे २०२१ मध्ये तीन मुलांचं धोरण जाहीर झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये शी जिनपिंग यांनी राष्ट्रीय महिला संघटनेच्या नेत्यांसमोर लग्न आणि मूल यांची नवी संस्कृती रुजवायला हवी असं सांगितलं. लोकसंख्या घटतेय आणि सरकारला घर-संसार परत हवाय.

### पुरुष कसा असावा हेही ठरलेलं आहे

धाकट्या भावाचं काम केलंय जॅक्सन यी याने, तो मुळात एका लाडक्या पोरसवदा बँडचा गायक-डान्सर, गोड चेहऱ्याचा. पिक्चर यायच्या चारच आठवडे आधी, २ सप्टेंबर २०२१ ला, चीनच्या टीव्ही नियामकाने बायकी दिसणारे पुरुष कलाकार टीव्हीवर दाखवू नका असा आदेश काढला होता. पिक्चरचं काम आधीच झालेलं होतं, म्हणजे आदेशामुळे ही निवड झाली असं नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच हवेतल्या आहेत. गोड पोरगा थोरल्याच्या धाकात, गोठलेले बटाटे दाताने फोडत, मित्रांची प्रेतं बघत ‘पुरुष’ होतो. अमेरिकन जवान त्याच वेळी थँक्सगिव्हिंगची टर्की खातायत हे मुद्दाम शेजारी दाखवलंय, ज्याने सोसलं तो खरा मर्द हे सांगायला. एक म्हणेन, यीने काम मनापासून केलंय, घाबरलेला पोरगा त्याच्या डोळ्यात दिसतो, आणि पिक्चरमधले सगळ्यात खरे क्षण तेच आहेत.

### “सगळेच देश असे पिक्चर काढतात की”

काढतात. हॉलिवूडच्या कितीतरी युद्धपटांना पेंटागॉनकडून विमानं-जहाजं मिळतात आणि त्या बदल्यात स्क्रिप्ट दाखवावी लागते. आपल्याकडेही जवानाची आई, जवानाची बायको, खिशातलं पत्र हे सगळं ठरलेलंच असतं. घरच्या नात्यातून देश दाखवणं ही काही चीनची मक्तेदारी नाही.

फरक आहे तो थिएटरच्या बाहेर. चीनमध्ये २०१८ पासून वीर आणि हुतात्म्यांच्या सन्मानाचा कायदा आहे, मार्च २०२१ पासून त्यांची बदनामी हा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा झाला. लुओ चांगपिंग या पत्रकाराने पिक्चर आल्यावर सोशल मीडियावर लिहिलं की या युद्धाच्या योग्यतेचा विचार फार कमी लोक करतात, आणि त्यात बर्फात गोठलेल्या कंपनीबद्दल टोचणारा शब्दखेळ होता. त्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये ताब्यात घेतलं, मे २०२२ मध्ये सात महिन्यांची शिक्षा झाली. त्याचे शब्द मलाही आवडले नाहीत, गोठून मेलेल्या पोरांवर असं बोलू नये. पण त्यासाठी तुरुंग? पिक्चर कितीही चांगला असो, त्यावर उलट बोलायची सोय नसेल तर लोकांना तो खरंच पटला का हे कळायला मार्गच राहत नाही.

### “लोकांना जबरदस्तीने नेलं असणार”

ऑफिसांनी आणि पक्षाच्या शाखांनी ग्रुप बुकिंग केली हे खरं आहे. सुट्टीच्या आठवड्यात समोर मोठा परदेशी पिक्चर येणार नाही याची काळजी घेतात हेही खरं. पण ५७७ कोटी युआन नुसत्या ग्रुप बुकिंगमधून जमत नाहीत. लोक आपल्या खिशातून तिकीट काढून गेले, आजोबांना घेऊन गेले, काही जण थिएटरमध्ये गोठलेला बटाटा खाऊन बघत होते. ज्यांच्या घरात त्या युद्धातला कुणीतरी माणूस आहे अशी लाखो घरं आहेत तिथे, चीनच्या अधिकृत यादीतच त्या युद्धातले १ लाख ९७ हजारांच्या वर मृत आहेत. त्या घरांच्या भावना सरकारने तयार केल्या असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. भावना आधीच होत्या, सरकारने त्यांना वाट काढून दिली, आणि ती वाट एकाच दिशेला जाते.

### “इतिहास तरी बरोबर दाखवलाय का?”

लढाईतले हाल बऱ्यापैकी बरोबर. पण सुरुवात बघा, गोष्ट इंचॉनपासून आणि अमेरिकेच्या आक्रमणापासून सुरू होते, २५ जूनची उत्तर कोरियाची चढाई येतच नाही. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललंय ती कोरियन माणसं जवळजवळ दिसत नाहीत. घर वाचवायची गोष्ट सांगायची तर दुसऱ्याच्या घरात युद्ध चाललंय हे दाखवणं अडचणीचं होतं.

निकालाचंही तसंच. चिनी सैन्याने संयुक्त राष्ट्रांच्या फौजांना ईशान्य कोरियातून बाहेर काढलं, एक अमेरिकन रेजिमेंट जवळजवळ नष्ट केली, हा मोठा विजय होता यात शंका नाही. पण वेढलेली अमेरिकन मरीन डिव्हिजन लढत लढत समुद्रापर्यंत पोचली, हंगनाम बंदरातून साधारण एक लाख सैनिक आणि जवळजवळ तितकेच कोरियन नागरिक जहाजांतून गेले. हे नागरिक का गेले हा प्रश्न पिक्चरच्या चौकटीत मावत नाही.

### जे मेले नाहीत त्यांचं काय?

२०२२ मध्ये याचा दुसरा भाग आला, त्यात चिएनलीही मरतो आणि शेवटी हजेरी होते: सातवी कंपनी, हजर असायला हवेत १५७, हजर १. तो एक म्हणजे वानली. या पिक्चरच्या घरात दोनच जागा आहेत, हुतात्म्याची आणि हुतात्म्यांचं नाव सांगायला उरलेल्याची.

पण युद्धात तिसरी माणसंही असतात, पकडली गेलेली. कोरियात साधारण २१ हजार चिनी सैनिक कैदी झाले. त्यातल्या १४ हजारांहून जास्त जणांनी चीनला परत जायला नकार दिला आणि ते तैवानला गेले. बरेच जण मुळात चँग कै शेकच्या, म्हणजे कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या नेत्याच्या, सैन्यातून आलेले होते, छावण्यांमध्ये कम्युनिस्टविरोधी टोळ्यांची दहशत होती, अंगावर जबरदस्तीने गोंदवलं जायचं, त्यामुळे प्रत्येकाचा नकार मनापासूनचा होता असं म्हणता येत नाही. या परत न जाणाऱ्या कैद्यांना, चिनी आणि उत्तर कोरियन मिळून २२ हजारांच्या वर, १९५३-५४ मध्ये सांभाळायचं काम भारतीय सैन्याकडे होतं, आणि त्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दोन्हीकडून शिव्या खात, छावण्यांतले दंगे आवरत त्यांच्या जवानांनी ते काम निभावलं, महाराष्ट्रात याबद्दल फार कमी बोललं जातं.

आणि जे सुमारे सात हजार चीनला परत गेले, आईबापांकडे, आपल्या देशाकडे, ज्यासाठी लढायला गेले होते त्याच्याकडे? त्यांची चौकशी झाली, जिवंत पकडला गेलास म्हणजे शरण गेलास असा ठपका बसला, बहुतेकांना पक्षातून काढलं, पुढे सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा छळ झाला, त्यांच्या बायकामुलांनाही नोकरी-शिक्षणात याचे चटके बसले. १९८० मध्ये पक्षाने निर्णय बदलून त्यांची इभ्रत परत दिली, तोपर्यंत त्यांची पन्नाशी उलटत आली होती.